आकडा उतरतोय, तरी डॉक्टर ‘वाचेल’ का म्हणत नाहीत?

पत्र:

डॉक्टर ताई, नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. माझे धाकटे दीर, वय ३४. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करून आले आणि संध्याकाळी उलट्या, तोंडाला फेस, मग बेशुद्ध. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला नेलं, तिथून नागपूरला. पहिल्याच रात्री व्हेंटिलेटर लागला. सहाव्या दिवशी ताप भरला, नळीतून घट्ट पिवळा कफ यायला लागला, एक्स-रेत उजवीकडं डाग दिसला. व्हेंटिलेटरवर असताना होणारा न्यूमोनिया आहे, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी कफातला जंतू ओळखायच्या तपासणीचा, कल्चरचा, रिपोर्ट आला. जंतू अ‍ॅसिनेटोबॅक्टर. तेव्हापासून प्रतिजैविक बदलून कोलिस्टिन चालू आहे.

रक्तातला संसर्गाचा आकडा, प्रोकॅल्सिटोनिन, न्यूमोनियाच्या पहिल्या दिवशी १४.२ होतं, तिसऱ्या दिवशी ११.८, पाचव्या दिवशी ५.१. सीआरपी १८६, मग १९२, आता १०८. किडनीचं क्रिएटिनिन १.१ होतं ते १.७ झालं. ऑक्सिजन ७० टक्के लागत होता, आता ५० लागतो. बीपी टिकवायचं इंजेक्शन काल बंद केलं.

आमचे एक नातेवाईक मेडिकलवर कामाला आहेत. ते म्हणतात, “दहाच्या वर गेला म्हंजे केस गेली समज.” डॉक्टरांना विचारलं तर म्हणतात, आणखी पाहू, आज काही सांगता येत नाही. प्रोकॅल्सिटोनिन बाहेरून करावं लागतं, दर वेळी अडीच हजार. घरात बैलजोडी विकायची गोष्ट निघाली आहे. सासूबाई एकच म्हणतात, “माह्या लेकराले घरी घेऊन या. जाचंच असन तं घरच्या मातीत जाईन.” मी आशा आहे म्हणून सगळे रिपोर्ट माझ्या हातात देतात आणि तूच सांग म्हणतात. मी काय सांगू? या आकड्यांवरून माणूस वाचेल की नाही ते कळतं का?

— एक आशा सेविका, जि. यवतमाळ

उत्तर:

ताई, पत्र वाचल्या वाचल्या मी तुम्हाला फोन केला तो एका गोष्टीसाठी: दिरांना घरी आणू नका. कारण तेव्हा घाईत सांगितलं, आता नीट सांगते. तुमच्यासारखीच हातात रिपोर्ट धरून बसलेली माणसं या दिवसांत यवतमाळ, वर्धा, नागपूरच्या आयसीयूबाहेर बरीच असतात. फवारणीचा हंगाम आहे. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसेक माणसं दगावली होती. तेव्हा मी रोज वॉर्डात होते, ती माणसं मी पाहिली आहेत. म्हणून हे उत्तर थोडं लांबेल.

आधी दिरांना व्हेंटिलेटर का लागला ते पाहू. घरातल्या बोलण्यात हेच मागं पडलेलं दिसतं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. त्यांची फुफ्फुसं आधी चांगली होती. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकानं शरीरातलं कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडलं. त्यामुळं आधी लाळ, फेस, छातीत पाणी झालं. त्यावर अ‍ॅट्रोपिन दिलं जातं. पण या विषाचा एक दुसरा टप्पाही असतो. पहिला जोर ओसरल्यावर, साधारण एक ते चार दिवसांत, मानेचे, खांद्याचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. माणूस शुद्धीवर असतो, डोळ्यांनी बघतो, पण उशीवरून मान उचलता येत नाही आणि स्वतःचा श्वास पुरत नाही. ही कमजोरी कायमची नसते. एक ते तीन आठवड्यांत बहुतेकांची ताकद परत येते. तोवर श्वास मशीननं द्यायचा, एवढंच काम व्हेंटिलेटर करतो. तो आधार मधेच काढला, तर जी कमजोरी दोन आठवड्यांत जाणार होती तीच जीव घेईल. सासूबाईंना हे त्यांच्या भाषेत सांगा. लेकराच्या अंगातली ताकद विषानं काही दिवसांसाठी बांधून ठेवली आहे. ती सुटेपर्यंत मशीन त्याच्यासाठी श्वास घेते.

आता न्यूमोनियाकडं येते. नळी घातल्यावर ४८ तासांनंतर जो न्यूमोनिया होतो त्याला व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया म्हणतात. घशातला, तोंडातला जंतूंनी भरलेला स्राव नळीच्या कडेनं हळूहळू खाली झिरपतो. खोकून बाहेर टाकायची ताकद नसते. विषबाधेच्या रुग्णात आधीच उलटी श्वासनलिकेत गेलेली असू शकते, म्हणून त्याला धोका जास्त. यात घरच्यांची चूक नाही, आणि ‘दवाखान्यात नेलं म्हणून झालं’ असं जे कोणी म्हणत असेल त्यालाही सांगा की नेलं नसतं तर पहिली रात्रच निघाली नसती.

हा न्यूमोनिया झाला म्हणजे माणूस गेला, असंही नाही. २०१३ साली २४ संशोधनांतल्या ६,२८४ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. मृत्यूचा जो भाग या न्यूमोनियाच्या माथी मारता येईल तो सुमारे १३ टक्के निघाला. मूळ आजाराचा, वयाचा, इतर अवयवांचा भार त्याहून वेगळा. आपल्याकडं अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखे औषधांना न जुमानणारे जंतू जास्त भेटतात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नका. पण भीतीचं माप थोडं ताळ्यावर यावं म्हणून सांगितला.

तुम्ही विचारलेल्या आकड्यांविषयी आता.

सीआरपी ही फार जुनी तपासणी. १९३० साली न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात ती पहिल्यांदा सापडली, तेव्हा प्रतिजैविकं आलेलीसुद्धा नव्हती. शरीरात कुठंही सूज-दाह झाला की यकृत हे प्रथिन बनवतं. ते सावकाश चढतं, दीड-दोन दिवसांनी शिखराला जातं आणि दाह शमला की उतरतं. शेतात पऱ्हाटी पेटवल्यावर जाळ विझला तरी धूर रेंगाळतो, तसं सीआरपीचं आहे. प्रोकॅल्सिटोनिन त्यापेक्षा चपळ. एरवी ते थायरॉइड ग्रंथीत एका हार्मोनचा कच्चा माल म्हणून तयार होतं आणि रक्तात जवळपास नसतंच, ०.१ च्याही खाली. जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की यकृत, चरबी, फुफ्फुसं असे नाना अवयव ते ओतायला लागतात. मोठ्या संसर्गात ते रक्तात चढतं, हे १९९३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. काही तासांत चढतं, एका दिवसात शिखराजवळ पोचतं, आणि आग विझली तर साधारण दर २४ तासांनी निम्मं होत जातं.

म्हणून तुमच्या नातेवाइकांना ‘दहाच्या वर’ हा आकडा भीतीचा वाटला. भीती अगदीच खोटी नाही. मोठ्या समूहात पाहिलं तर ज्यांचं प्रोकॅल्सिटोनिन जास्त, त्यांच्यात मृत्यू जास्त दिसतात. पॅरिसच्या एका आयसीयूत ६३ रुग्णांवर झालेला, २००५ मध्ये छापलेला अभ्यास आहे. या न्यूमोनियाच्या पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी ज्यांचा आकडा चढा राहिला त्यांचं पुढं वाईट झालं. त्याच वर्षी पोर्तुगालच्या डॉक्टरांनी सीआरपीविषयी लिहिलं, की उपचाराला चार दिवस झाले तरी ती पहिल्या आकड्याच्या ०.६ पटीच्या वरच अडकून राहिली तर काळजीचं लक्षण.

पण पैसेवारी कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. तलाठी, कृषी सहायक येतात, काही शेतांत पीक कापून पाहतात आणि गावाची पैसेवारी ठरते. पन्नास पैशांच्या खाली आली की गावाचं पीक बुडालं असं धरतात. तरी त्याच गावात नाल्याकाठच्या एका वावरात बोंडं लदलदून आलेली असतात, आणि चांगल्या पैसेवारीच्या गावात टेकडीवरचं एक वावर पार वाळलेलं असतं. पैसेवारी खोटी नसते, ती गावाची असते. अभ्यासातला आकडा असाच शेकडो रुग्णांचा मिळून निघालेला असतो. तो तुमच्या दिरांच्या वावरात काय उगवेल ते सांगत नाही.

मी स्वतः एकदा ही चूक केली आहे. नव्यानंच आयसीयूत काम सुरू केलं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली आलेला एक बावीस वर्षांचा मुलगा, छातीचा चेंदामेंदा, व्हेंटिलेटरवर. तिसऱ्या दिवशी ताप आला आणि प्रोकॅल्सिटोनिन ४० च्या वर निघालं. मी त्याच्या वडिलांना म्हणाले, “आकडा फार मोठा आहे, आशा कमी आहे.” त्यांनी हात जोडले, काही न विचारता सही केली आणि संध्याकाळी मुलाला घेऊन गेले. तो वाटेतच गेला. नंतर माझ्या वरिष्ठांनी मला शांतपणे विचारलं, “एवढ्या मोठ्या मारानंच प्रोकॅल्सिटोनिन चढतं, हे तुला माहीत नव्हतं का?” मला वाचून माहीत होतं. त्या बापासमोर उभी असताना आठवलं नाही. इतकी वर्षं झाली, ते जोडलेले हात अजून डोळ्यांसमोर येतात. तेव्हापासून एका आकड्यावर मी कुणालाही ‘जगेल’ किंवा ‘जाईल’ म्हटलेलं नाही.

मोठी इजा, मोठं ऑपरेशन, भाजणं, मलेरिया, किडनी मंदावणं, हृदयाचा मोठा झटका, यांतही प्रोकॅल्सिटोनिन चढतं. उलटी फुफ्फुसात जाऊन जी जळजळ होते तिच्यानंही चढू शकतं. तुमच्या दिरांच्या १४.२ मध्ये जंतूंचा वाटा किती आणि विषाच्या त्या पहिल्या रात्रीचा वाटा किती, हे कुणीही तोडून सांगू शकणार नाही.

मग या तपासणीचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो समजायला तुमच्याइतकं योग्य माणूस घरात दुसरं नाही. बाळंतीण घरी आली की तुम्ही तिसऱ्या दिवशी जाता, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाता. एकदाच जाऊन का भागत नाही? कारण एका वजनावरून बाळ कसं आहे ते कळत नाही. तिसऱ्या दिवशीचं आणि सातव्या दिवशीचं वजन शेजारी मांडलं की कळतं. घरोघरी जाऊन नवजात बाळ असं पाहायची पद्धत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी रुजवली, आणि तिनं किती बाळं वाचवली ते तुम्ही प्रशिक्षणात ऐकलंच असेल. प्रोकॅल्सिटोनिन, सीआरपी यांचं तसंच आहे. बघायचा तो उतार.

तुमच्या पत्रातले आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहिले. पहिल्या ते तिसऱ्या दिवसात १४.२ वरून ११.८. म्हणजे जवळजवळ जागेवरच. सीआरपी तर उलट थोडी चढली, १८६ वरून १९२. पहिलं प्रतिजैविक त्या जंतूवर चालत नव्हतं, असाच याचा अर्थ दिसतो. तिसऱ्या दिवशी कल्चर आलं, औषध बदललं, आणि पुढच्या दोनच दिवसांत ११.८ चं ५.१ झालं, सीआरपी १०८ वर आली. पहिल्या आकड्याशी ताडलं तर प्रोकॅल्सिटोनिन ६४ टक्क्यांनी उतरलं आणि सीआरपी ०.५८ पट झाली. तेही योग्य औषध मिळून दोनच दिवस झालेले असताना. बरोबरीनं ऑक्सिजन ७० वरून ५० वर आला, बीपीचं इंजेक्शन सुटलं. एकटा आकडा उतरला असता तर मी गप्प बसले असते. आकडा आणि माणूस दोन्ही एकाच दिशेनं चालले आहेत, म्हणून मला बरं वाटलं.

आणि माणूस हा भाग मी मुद्दाम धरून बसते. एक रुग्ण असा होता की प्रोकॅल्सिटोनिन उतरत उतरत ०.४ झालं, आम्ही सगळे हसतमुख, आणि त्याच रात्री फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून तो गेला. जंतू हरले होते, माणूस दुसऱ्याच कारणानं गेला. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ साली या न्यूमोनियाच्या उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं लिहिली. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे, की योग्य प्रतिजैविक चालू असताना पुढं काय होईल हे ओळखायला अशा रक्त-तपासण्या नेहमीच्या म्हणून करू नका. ७२ ते ९६ तासांनी खाटेजवळ जाऊन रुग्णाला पाहा: ताप, कफ किती आणि कसा, एक्स-रे, पांढऱ्या पेशी, ऑक्सिजनची गरज, अवयव कसे चाललेत. तुमचे डॉक्टर ‘आणखी पाहू’ म्हणतात ते टाळाटाळ म्हणून नाही. औषध तिसऱ्या दिवशी बदललं, म्हणजे त्यांचं घड्याळ तिथून सुरू झालं. इतक्यात हो किंवा नाही म्हटलं असतं तर मला त्यांची जास्त काळजी वाटली असती.

अवयव कसे चाललेत हे बघायला आयसीयूत एक गुणपत्रिका असते, तिला सोफा स्कोअर म्हणतात. सहा विषय: फुफ्फुसं, रक्तातल्या प्लेटलेट, यकृत, बीपी, शुद्ध आणि किडनी. प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण २४. इथं जास्त गुण म्हणजे वाईट. डॉक्टरांना विचारा, “सर, सोफा पहिल्यापेक्षा कमी होतोय का?” या प्रश्नाचं उत्तर त्यांना देता येतं. ‘वाचेल का’ याचं देता येत नाही, आणि दिलं तर ते खरं धरू नका.

तुमच्या यादीतला मला खुपलेला आकडा प्रोकॅल्सिटोनिनचा नाहीच. क्रिएटिनिन १.१ वरून १.७ झालं, तो खुपला. कोलिस्टिन किडनीला जड जातं. अ‍ॅसिनेटोबॅक्टरसाठी बरेचदा तेच हाताशी उरतं, म्हणून ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण उद्या राउंडला विचारा, की लघवी दिवसाला किती होते, आणि किडनीप्रमाणे डोस बसवला आहे का. किडनी मंदावली की प्रोकॅल्सिटोनिनही हळू उतरतं. म्हणजे पुढच्या वेळी आकडा अपेक्षेइतका खाली आला नाही तर लगेच जंतू पुन्हा उठले असं समजू नका, क्रिएटिनिन शेजारी ठेवून वाचा.

अडीच हजारांविषयी. बैलजोडी या तपासणीसाठी विकू नका. प्रोकॅल्सिटोनिन रोज करायचं नसतं. त्याचा सगळ्यात भक्कम उपयोग प्रतिजैविक कधी थांबवायचं हे ठरवताना होतो. अमेरिकन तज्ज्ञांची २०१६ ची तत्त्वं म्हणतात, की या न्यूमोनियाचं औषध सुरू करायचं की नाही हे प्रोकॅल्सिटोनिनवर ठरवू नका. बहुतेकांना सात दिवसांचा कोर्स पुरतो, आणि थांबवताना रुग्णाच्या तब्येतीच्या जोडीला प्रोकॅल्सिटोनिनची मदत घेता येते. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात आयसीयूतले डॉक्टर शिखरापासून ८० टक्के घट किंवा ०.५ च्या खाली आकडा, हा इशारा मानून औषध थांबवत होते. औषधाचे दिवस कमी झाले आणि मृत्यू वाढले नाहीत, उलट कमीच झाले. तुमच्या दिरांसाठी ८० टक्के घट म्हणजे साधारण २.८. तिथं आकडा आला, ताप नाही, ऑक्सिजन उतरतोय, तर डॉक्टर कोलिस्टिन थांबवायचा विचार करू शकतील आणि किडनीचा त्रासही तिथंच अडेल. म्हणजे आता एक तपासणी, सातव्या-आठव्या दिवशी, कामाची आहे. त्याआधी कुणी लिहून दिली तर नम्रपणे विचारा, “या रिपोर्टनं औषधात काही बदलणार आहे का?” बदलणार असेल तर करा. नसेल तर डॉक्टरांनाही ती नको असते, पुष्कळदा सवयीनं लिहिली जाते.

जी माहिती रोजच्या साध्या तपासण्यांत आधीच येते तीही कमी नाही. सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेट टिकून आहेत का, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं प्रमाण वाढतंय का, क्रिएटिनिन, आणि धमनीतल्या रक्ताच्या तपासणीतलं लॅक्टेट, जे अवयवांना रक्त-ऑक्सिजन कमी पडला की चढतं. प्लेटलेट घसरत जाणं आणि लॅक्टेट चढत जाणं, यांना मी मोठ्या प्रोकॅल्सिटोनिनपेक्षा जास्त घाबरते. काही प्रयोगशाळा प्रेसेप्सिन, प्रोअ‍ॅड्रेनोमेड्युलिन अशा नव्या तपासण्यांची नावं सांगतील. त्यांवर चांगलं संशोधन चाललं आहे, पण त्यासाठी आज पैसे मोडायची गरज नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं अजून केलं नसेल तर आजच करा. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. दवाखाना योजनेत असेल तर कशाचा खर्च त्यात बसतो आणि बाहेरच्या तपासण्यांचं काय, ते स्पष्ट विचारून लिहून घ्या. हे काम तुमच्याइतकं घरात कुणाला जमणार नाही.

तुमची आशा डायरी असते तशी एक वही करा. उभ्या रकान्यात तारखा आणि आडव्या ओळींत ताप, ऑक्सिजनचा टक्का, बीपीचं इंजेक्शन चालू की बंद, लघवी, क्रिएटिनिन, प्लेटलेट, कफ कसा, आणि सगळ्यात वर एक ओळ: मान उचलली का. प्रोकॅल्सिटोनिन सगळ्यात खालच्या ओळीत. घरच्यांनी विचारलं तर ती वही पुढं करा. “तूच सांग” याचं ओझं एकट्या तुमच्या डोक्यावर राहायला नको. तुम्ही आशा आहात, आयसीयूच्या डॉक्टर नाही, आणि हे घरात मोठ्यानं म्हणायला काहीच हरकत नाही.

भेटीच्या वेळी दोन-तीन गोष्टी बघा. खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश उंच असावं. तोंडाची सफाई दिवसातून किती वेळा होते ते सिस्टरना विचारा. ओरडून नको, त्यांच्याकडं एका वेळी किती खाटा असतात ते तुम्हाला कळतं. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा, नातेवाइकांनाही लावा. सासूबाईंनी तीर्थ आणलं असेल तर ते तोंडात घालू देऊ नका, एक चमचासुद्धा नाही. ते सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. अंगारा कपाळाला लावायचा असेल तर सिस्टरना विचारून लावू द्या. आणि त्यांना एकदा आत न्याच. दिराचे डोळे उघडे असतील, तर त्यांना ऐकू येतंय असं धरून चाला. माय हात धरून बोलली तर ती घरच्या मातीची गोष्ट बाजूला ठेवेल असं मला वाटतं. निदान तिनं लेकराला पाहिलेलं असेल.

अशी वेळ येऊ शकते, जेव्हा घरी न्यायचं बोलणं योग्य असतं. बीपीची दोन-तीन इंजेक्शनं चढत्या डोसवर, किडनी बंद, मेंदूला कायमची इजा, आणि दिवसेंदिवस सगळ्या ओळी एकाच वाईट दिशेला. तेव्हा डॉक्टर स्वतः तुम्हाला बसवून सांगतील आणि सासूबाईंच्या म्हणण्याला त्या वेळी पूर्ण मान असेल. तुमच्या पत्रातल्या ओळी त्या दिशेच्या नाहीत. ३४ वर्षांचा माणूस, जाणारी कमजोरी, सापडलेला जंतू, लागू पडलेलं औषध.

पुढच्या काही दिवसांत डॉक्टर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची परवानगी मागू शकतील, त्याला ट्रेकिओस्टोमी म्हणतात. व्हेंटिलेटर लांबणार असेल तर तोंडातल्या नळीपेक्षा ती बरी. कफ काढणं सोपं होतं, झोपेची औषधं कमी लागतात, आणि ताकद आल्यावर ती काढली की छिद्र बहुतेक आपोआप भरतं. गावात म्हणतील की गळा कापला म्हणजे संपलं. तसं नाही. डॉक्टरांशी बोलून, शंका विचारून सही करा.

ती सातव्या-आठव्या दिवशीची तपासणी झाली की मला फोन करा. आकडा शेवटी सांगा. आधी एवढंच सांगा, की उशीवरून मान उचलली का, आणि मायचा हात दाबला का.